खडूस नावाचा फोन

शनिवार, ३ फेब्रुवारी

काल राजीनामा मंजूर झाला आणि आज पहिलं काम आलं. त्या आनंदात ही वही आणली. धंदा उभा राहिला तर कसा राहिला हे लिहिलेलं असेल, बुडाला तर कुणामुळे बुडाला तेही.

ऑफिसात मला माझ्या पाठीमागे खडूस म्हणायचे. ते कळलं त्याच दिवशी मी माझ्या फोनचं नाव 'खडूस' करून टाकलं. नेटवर्कवर कोण कोण आहे याची यादी साहेबांनी उघडली की मी ठळक दिसायचे. साहेबांनी एकदाही विषय काढला नाही, पण यादी उघडणं कमी केलं. आता साहेब सुटले आणि मीही सुटले. यापुढे लोकांच्या घरचं, दुकानातलं वायफाय तपासायचं, बिघाड शोधायचा, कुणी फुकट्या घुसला असेल तर पकडून द्यायचा. आई म्हणाली, "या तोंडाने तुला कोण घरात घेणार?"

घेतलं की. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भावोजी, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. सकाळीच फोन आला. "ताई, आमच्या वायफायवर एक जास्तीचं यंत्र दिसतंय. आमच्यापैकी कुणाचंच नाही. तुमच्याशिवाय कोण शोधणार?" माझ्या सख्ख्या आईला माझ्या कामाची नाही तेवढी किंमत या माणसाला आहे. चिमणीने नशीब काढलं खरं. चिमणी म्हणजे धाकटी. लहानपणी मुठीत मावेल एवढी होती, अजूनही फार वाढलेली नाही.

सोमवार, ५

गेले होते. घर नेहमीसारखं चकचकीत. राउटर पूर्वी टीव्हीखाली होता, मीच बसवून दिला होता. आता तो कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप. भावोजी म्हणाले, पिल्लू वायरी ओढते. पिल्लू माझी भाची. पुढच्या वर्षी शाळेत जाईल. शेंडीला हात लावू देत नाही अशी कार्टी होती, आज कोपऱ्यात बसून मुकाट्याने कागदावर रेघा ओढत होती. मुली मोठ्या झाल्या की शहाण्या होतात म्हणतात, माझ्या बाबतीत आई अजून वाट बघतेय.

राउटरच्या यादीत एक यंत्र खरंच जास्तीचं आहे. हा राउटर स्वस्तातला, यंत्रांची नावं दाखवत नाही, नुसते आकडे. भावोजींचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईवर आहे. मी म्हटलं, "पासवर्ड बदला की. एका मिनिटात विषय संपेल."

"नाही ताई," ते म्हणाले. "आधी कळू दे, कोण आहे आणि काय काय बघतंय. दार लावून घेतलं तर चोर सावध होतो."

मला पटलं. शिवाय पासवर्ड बदलून द्यायला माझी काय गरज? माझा जुना लॅपटॉप, ज्याला मी डबा म्हणते, राउटरशेजारी कपाटात ठेवून दिला. हवेतून जे जे जातं येतं ते सगळं हा डबा टिपून ठेवणार. नंतर तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून मी ते उलगडणार. पासवर्ड आपल्याला माहीतच आहे.

चिमणीने चहा आणला. कप ठेवताना बाही वर सरकली तशी लगेच खाली ओढली. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे कशाला घालते कोण जाणे. भावोजी फोनवर बोलायला गॅलरीत गेले तेव्हा मला आठवलं, मागे तिने माझा जुना फोन मागून घेतला होता, पिल्लूला चित्रं काढायला, कोपरा फुटलेला. म्हटलं, वापरते का ती? तर म्हणाली, "पडला गं. टाकून दिला. आणि त्यांच्यासमोर काढू नकोस हं, मुलीला फोन दिला म्हणून रागावतील." बरोबरच आहे त्यांचं. मी तरी कशाला दिला होता!

बुधवार, ७

डब्यातली फाइल घरूनच नेटवरून उघडली. सगळं गिचमिड. मी कपाळाला हात लावला, मग माझीच चूक लक्षात आली. हे वहीत नीट लिहून ठेवते, पुढे गिऱ्हाइकांना समजावता येईल. फोन वायफायला जोडला जातो तेव्हा राउटरशी त्याचे आधी चार निरोप होतात. आम्ही त्याला हँडशेक म्हणतो. त्या चार निरोपांतून तेवढ्या भेटीपुरती किल्ली ठरते. ते चार हातात नसले तर पासवर्ड माहीत असूनही पुढचं एक अक्षर लागत नाही. डबा झोपू नये ही सोय करायला मी विसरले होते; आज दुपारी भावोजींनी तो उठवला तोवर आपला पाहुणा, ते जास्तीचं यंत्र, जोडला गेला होता, म्हणून त्याचे चार निरोप माझ्याकडे नाहीत.

संध्याकाळी जाऊन हे सगळं चहाच्या टेबलावर सांगितलं. भावोजी पुढे झुकून ऐकत होते. असा विद्यार्थी मिळाला असता तर मी मास्तरीण झाले असते. "म्हणजे तो एकदा सुटून परत जोडला गेला, की झालं?" त्यांनी विचारलं.

"की झालं. मग तो आपल्या हातात."

चिमणी ओट्याशी उभी होती. तिने विचारलं, "ताई, तुला सगळं दिसतं का गं त्यात?"

"सगळं," मी म्हटलं. थोडी फुशारकी मारली. सगळं दिसत नाही. हल्ली बहुतेक साईटना आपापलं कुलूप असतं, आपल्याला फार तर कुठल्या साईटचं नाव विचारलं ते दिसतं, आत काय बघितलं ते नाही. पण घरच्यांसमोर एवढा बारीक खुलासा कशाला?

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "आज राहतेस का इथे? पिल्लूजवळ झोप." मला उद्या एका दुकानदाराकडे जायचं होतं, म्हटलं पुन्हा कधीतरी. मग हळूच म्हणाली, "तुला ते सापडलंच पाहिजे का?"

हे मला लागलं. लहानपणापासून घरात कौतुक हिचं. देखणी ही, लग्न हिचं झालं, मूल हिला. मला एक गोष्ट येते, तीही हिच्या डोळ्यांत खुपावी? रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं.

रविवार, ११

चमत्कारिक प्रकार आहे. आधी हा पाहुणा दुपारी यायचा, तासाभराने जायचा. बुधवारपासून जागचा हललेला नाही. दिवस नाही रात्र नाही, चिकटून बसलाय. सुटला तर परत जोडताना चार निरोप द्यावे लागतील, आणि नेमकं तेच तो टाळतोय असं वाटावं. वरच्या बाईला हे ज्ञान कुठून झालं? बहुतेक मीच फार विचार करतेय. फोन चार्जिंगला लावून विसरली असेल.

भावोजींचा दिवसातून दोनदा फोन येतो. आज जरा चिडल्यासारखे वाटले. "ताई, मला हे या आठवड्यात हवंय." मोठ्या अदबीने बोलतात, पण त्या "हवंय" नंतर मला सॉरी म्हणावंसं वाटलं. कशाबद्दल, ते काही कळलं नाही. गिऱ्हाईक म्हटलं की असं होत असेल.

आई म्हणते, चिमणी तिला हल्ली फोन करत नाही. केला तर भावोजी उचलतात. मी म्हटलं, "संसारात आहे गं ती. तुला काय, दिवसभर गप्पा हव्यात."

मंगळवार, १३

जमलं! अगदी सोप्पी युक्ती. माशी उडत नसेल तर टेबल हलवायचं. मी भावोजींना सांगितलं, राउटरचं बटण मिनिटभर बंद करून परत चालू करा. सगळी यंत्रं सुटतील आणि आपोआप परत जोडली जातील, त्यात पाहुणाही. चिमणी पिल्लूला अंघोळ घालत असताना त्यांनी केलं. "कुणाला कळलंसुद्धा नाही," म्हणाले. डब्याने चारही निरोप टिपले.

पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि ती गिचमिड माझ्या डोळ्यांसमोर सुटत गेली, गाठ सुटल्यावर दोरा मोकळा व्हावा तशी. इतक्या वर्षांनीही मला याची गंमत वाटते. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

वेळ घालवायचा नव्हता, म्हणून चाळणी लावून फक्त विचारलेल्या साईटची नावं तेवढी बघितली. भाड्याच्या खोल्या. एक बालवाडी. बायकांना मदत करणारी कुठलीशी संस्था, ती पुन्हा पुन्हा. आणि एक बसकंपनी. तिची साईट जुनाट, अजून कुलूप न लावलेली, त्यामुळे आतलंही सगळं उघडं. येत्या शुक्रवारची पहिली बस, बंदराच्या गावाला. एक पूर्ण तिकीट, एक अर्धं.

चित्र स्पष्ट आहे. वरची बाई पोराला घेऊन गुपचूप निघायच्या बेतात आहे, बहुतेक भाडं थकलं असेल. बायकांची संस्था वाचून जरा वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. काय भोगत असेल कोण जाणे. पण माझं काम शोधण्याचं.

बुधवार, १४

अहवाल नेऊन दिला. छापलेला, वर माझ्या धंद्याचं नाव. भावोजींनी दोनदा वाचला. मग शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवून बसले. मला वाटलं त्यांना ते नीट कळलं नाही, म्हणून मी उलगडून सांगितलं, "एक मोठं माणूस आणि एक लहान मूल."

"कळलं, ताई," ते म्हणाले. मग हसले. "तुमच्यासारखं माणूस घरात असलं की चिंता नाही." हे जरा आईला सांगा, असं मीच त्यांना म्हणणार होते.

"बोलणार का तिच्याशी?" मी विचारलं. "जरा सांभाळून घ्या. लेकुरवाळी दिसते."

"सांभाळूनच घेणार," ते म्हणाले.

चिमणी बाहेर आली नाही. डोकं दुखतंय म्हणे.

गुरुवार, १५

आज भरभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

दुपारी डबा परत आणायला गेले. जिन्यात वरची भाडेकरू बाई भेटली. निवृत्त मास्तरीण आहे, एकटी राहते, गुडघे धरून एकेक पायरी चढत होती. मी पिशवी घेतली हातातली. सहज विचारलं, नातवंड आलंय का राहायला? म्हणाली, "मला कुठलं नातवंड? खाली तुमची भाची असते तेवढाच लहान मुलाचा आवाज. तोही हल्ली येत नाही, येतो तो रडण्याचा." मग पर्समधून फोन काढून वेळ बघितली. बटणांचा फोन. त्यात वायफाय नाहीच.

खाली भावोजींनी दार अर्धंच उघडलं. डबा माझ्या हातात दिला. चिमणी झोपलीय म्हणाले.

घरी येऊन फाइल पुन्हा उघडली आणि या वेळी चाळणी काढून अगदी सुरुवातीपासून वाचली. नवीन पोरांना मीच शिकवायचे, पहिली पाकिटं, म्हणजे अगदी सुरुवातीचे निरोप, सोडू नका. चार निरोपांनंतर फोन राउटरकडे पत्ता मागतो आणि मागताना स्वतःचं नाव सांगतो. मंगळवारी मला साईटची नावं वाचायची घाई होती, म्हणून हे एवढं वगळलं होतं.

नाव होतं खडूस.

माझाच फोन. टाकून दिलेला. चिमणीला पासवर्ड कुणी दिला नव्हता, द्यायची गरजच नव्हती. मी तिच्याकडे जायचे तेव्हा तो फोन तिथल्या वायफायला जोडलेला असायचा, पासवर्ड फोनच्याच लक्षात होता. एक पूर्ण तिकीट चिमणीचं आणि अर्धं पिल्लूचं. आणि बुधवारी मी टेबलाशी बसून फुशारकी मारली ती ऐकून माझी बहीण सहा दिवस तो फोन सुटू नये म्हणून धडपडत होती. मला वाटलं, तिला माझं कौतुक बघवत नाही.

लांब बाह्या. कुलूप लावलेलं कपाट. आज राहतेस का इथे. मी सगळं या वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

तिच्या नंबरवर फोन केला. त्याने उचलला. "अंघोळीला गेलीय." परत केला. "झोपली, ताई. उद्या बोला." आईला सांगितलं तर ती म्हणाली, नवराबायकोत पडू नकोस, आणि मग रडायला लागली. चौकीवर गेले. तिथल्या हवालदार बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण तक्रार बहिणीने द्यायला हवी म्हणाल्या. स्वतःचा नंबर लिहून दिला, काही झालं तर लगेच फोन करा.

परत त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करावा असं दहादा मनात आलं. पण त्याने अजून तिला काही विचारलं नसेल तर? तिला वाटत असेल सगळं ठरल्याप्रमाणे आहे. मी गोंधळ घातला तर तिची उरलीसुरली वाटही बंद होईल. उद्या बसस्टँडवरच गाठते. तिथून तिला आणि पिल्लूला उचलून थेट चौकीवर.

हे बरोबर आहे का, मला माहीत नाही.

शुक्रवार, १६, सकाळी

बसस्टँडच्या बाकावर. पहिली बस लागलीय, चालक खाली उभा राहून जांभया देतोय. गर्दी फार नाही, पण फलाट लांबच लांब आणि तोंडं झाकलेल्या बायका बऱ्याच. चुकामूक नको म्हणून एक केलंय. माझ्या नव्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, म्हणजे फोनच राउटर झाला, आणि त्याला माझ्या घरच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड दिला. जुना फोन ते नाव ओळखतो. चिमणीच्या पिशवीत तो असेल तर जवळ येताच आपोआप जोडला जाईल आणि माझ्या पडद्यावर नाव उमटेल. म्हणजे ती आली हे तिला बघण्याआधीच मला कळेल.

अजून यादी रिकामी आहे.

एक बाई मुलीला कडेवर घेऊन धावत आली. उठून उभी राहिले. ती नव्हती.

चालक आत चढला.

खडूस. आला! जोडला गेला. देवा, आली ती.

शुक्रवार, नंतर

मी मान वर केली तर फलाटावरून भावोजी चालत येत होते. एकटेच. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. हातात माझा जुना फोन, कोपरा फुटलेला.

"ताई? तुम्ही इथे?"

मी विचारलं, "चिमणी कुठे आहे?"

"घरी. झोपलीय." बस त्यांच्या मागून निघाली, त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, आत कुणी आहे का ते बघत असावेत. "म्हटलं बघू तरी, कुणी घ्यायला आलंय का तिला. तुम्ही आलात होय? अहवाल मात्र फार छान झालाय हं तुमचा."

मी पळत सुटले. रिक्षात बसल्यावर हवालदार बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या निघतेच, पण तुम्ही पुढे व्हा आणि काही झालं तरी तिला एकटी सोडू नका.

दाराला बाहेरून कडी होती. मी ती काढली. आत चिमणी भिंतीला टेकून बसली होती, पिल्लू तिच्या मांडीवर. जिवंत होत्या दोघी. चिमणीने माझ्याकडे बघितलं आणि पिल्लूला आणखी घट्ट धरलं. माझ्यापासून. मी म्हटलं, "चिमे, चल, माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "त्यांनी पाठवलंय ना तुला?"

तिला समजावत होते तेवढ्यात दारात चपला वाजल्या. तो आत आला, मला बघून जराही दचकला नाही. "बसा ना ताई. चहा घेणार?" मग चिमणीकडे बघून, "ऐकलंस का, ताईंना चहा टाक."

चिमणी उठली. मला ओरडायचं होतं, पण तो दाराला पाठ लावून उभा होता आणि हवालदार बाई अजून यायच्या होत्या. मी म्हटलं, "घेते." आणि बसले. वही काढली. त्याने विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, हिशेबाचं आहे, धंद्याचं. तेच लिहितेय आता, त्याच्यासमोर, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये. त्याने कपाटाचं कुलूप काढून राउटरचं बटण बंद केलं, मग येऊन माझ्यासमोर बसला. पिल्लू माझ्या गुडघ्याला चिकटलीय. मी इथून उठणार नाही. बाई आल्या की तिघी एकदम उठू.

चिमणी चहा घेऊन आली. माझ्यासमोर वाकली, तो मागे बसलेला, त्याला तिची फक्त पाठ दिसत होती. कप ठेवताना बाही वर सरकली, कोपरापर्यंत.

या वेळी तिने ती खाली ओढली नाही. हात तसाच माझ्यासमोर धरून ठेवला, मी बघेपर्यंत.